संशोधनाचे धडे आणि काशीदचा किनारा

अलिबागहून मुरुडकडे निघाल्यावर रेवदंड्याची खाडी ओलांडली आणि कोर्लईचा किल्ला मागे पडला की काही मैलांवर काशीदचा किनारा लागतो. एका बाजूला फणसाडचे रान आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या वाळूचा लांबलचक पट्टा, असे हे स्थळ मुंबई-पुण्याच्या लोकांना गेल्या काही दशकांत चांगलेच परिचयाचे झाले आहे. शनिवार-रविवारी तेथे जत्रा लोटते, आणि अधूनमधून सोमवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते : पोहण्यास उतरलेल्या तरुणाचा बुडून मृत्यू. बातमीत नाव असते, वय असते, गाव असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी शेजारच्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी एकाच दुपारी बुडाले, तेव्हा ती बातमी पहिल्या पानावर आली आणि धोक्याचे फलक, जीवरक्षक, बंदोबस्त यांची चर्चा काही दिवस रंगली. ही चर्चा अनावश्यक होती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या चर्चेत एक माणूस कधीच दिसत नाही. बुडालेल्याला ज्याच्यापुढे आणून ठेवतात तो सरकारी वैद्यकीय अधिकारी हा तो माणूस.

बुडालेला इसम पाण्याखाली किती मिनिटे होता? त्याला बाहेर कोणी काढले? वाळूवरच कोणी तोंडाने श्वास दिला काय, की पोटावर दाब देऊन पाणी काढण्यातच मोलाची मिनिटे गेली? गाडी मिळण्यास किती वेळ लागला आणि गाडीत प्राणवायू होता की नव्हता? जे वाचले त्यांचे पुढे काय झाले? यांपैकी काही तपशील पंचनाम्यात असतो, काही केसपेपरवर असतो आणि बराचसा ज्याने पाण्यात उडी घेतली त्या कोळ्याच्या किंवा जीवरक्षकाच्या आठवणीत असतो. हे तीन धागे एकत्र आणले तर पुढच्या माणसाचा जीव कोठे वाचू शकेल, पाण्यात, वाळूवर की रस्त्यावर, हे सांगता येईल. ते एकत्र आणण्यास प्रयोगशाळा लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. एक वही लागते आणि त्या वहीत काय लिहावयाचे हे ठाऊक असलेला माणूस लागतो.

हा प्रश्न काही एकट्या काशीदचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. बुडालेल्या माणसाविषयी नेमके काय टिपावे याचा सर्वमान्य नमुनाही २००३ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून तयार केला असून ‘उटस्टाइन पद्धत’ या नावाने तो ओळखला जातो. म्हणजे प्रश्न समोर आहे आणि साधनही उपलब्ध आहे. नाही ते एवढेच की, ज्याच्या हातून हे व्हावयाचे त्या डॉक्टरला, हा आपला प्रश्न आहे आणि तो आपण सोडवू शकतो, हे कोणी शिकविलेले नाही.

आता, वैद्यकीय शिक्षणात संशोधनाला स्थान नाही अशी तक्रार कोणी करू शकणार नाही. एम.डी. किंवा एम.एस. होऊ इच्छिणाऱ्याला प्रबंध सादर करावाच लागतो. अध्यापकांच्या बढतीला मेडिकल कौन्सिलने शोधनिबंधांची अट घातली आणि २०१५ साली ती अधिक काटेकोर केली. २०१९ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा एक मूलभूत अभ्यासक्रम सक्तीचा झाला. चेन्नईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीने तो तयार केला असून व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर ऐकावयाची, गृहपाठ सोडवावयाचे आणि अखेरीस केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. व्याख्याने चांगली आहेत, देणारी मंडळी जाणकार आहेत, आणि गडचिरोलीतल्या विद्यार्थ्यालाही दिल्लीतल्या विद्यार्थ्याइतकेच ती सुलभ आहेत, हा त्यांचा मोठाच गुण मानला पाहिजे.

इतके असूनही फळ काय? डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशेब २०१६ साली मांडला. देशातील ५७९ वैद्यकीय संस्था त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या, म्हणजे शंभरातील ५७ संस्थांच्या, नावावर त्या दहा वर्षांत एकही शोधनिबंध आढळला नाही. उलट केवळ २५ संस्थांनी एकूण निबंधांपैकी ४० टक्के निबंध लिहिले होते. हे आकडे सक्तीच्या अभ्यासक्रमापूर्वीचे आहेत हे खरे. परंतु प्रबंधाची सक्ती त्या दहा वर्षांतही होतीच. शेकडो महाविद्यालयांत हजारो प्रबंध लिहिले गेले आणि त्यांतील बहुसंख्य कपाटाबाहेर आलेच नाहीत. विषय मार्गदर्शकाने सुचवावयाचा, आकडेमोड दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावयाची आणि बांधणीवाल्याकडून सोनेरी अक्षरांत नाव घालून आणावयाचे, हा परिपाठ वैद्यकीय वर्तुळात कोणालाच नवा नाही. बढतीच्या अटीने तर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे उखळ पांढरे केले.

या दुखण्याचे मूळ विद्यार्थ्यांच्या आळसात आहे असे मला वाटत नाही. पंचविशी-तिशीतला डॉक्टर रात्रपाळी करतो, माणसे मरताना पाहतो, काही वाचवितो. त्याच्यावर जबाबदारी प्रौढ माणसाची असते. संशोधन शिकविताना मात्र आपण त्याला शाळेतल्या बाकावर बसवितो. आधी व्याख्या, मग प्रकार, मग उदाहरणे, मग परीक्षा. ज्ञान आज घ्यावयाचे आणि त्याचा उपयोग पुढे कधीतरी होईल असे मानावयाचे, ही बालशिक्षणाची रीत आहे. तीही मुलांना कितपत मानवते हा प्रश्न वेगळा.

मोठी माणसे वेगळ्या रीतीने शिकतात, हा विचार नवा नाही. जर्मनीत अलेक्झांडर काप याने १८३३ सालीच त्यासाठी एक स्वतंत्र संज्ञा योजिली होती. अमेरिकेत एड्वर्ड लिंडमन याने १९२६ साली प्रौढशिक्षणाचा अर्थ उलगडून दाखविताना विषयापासून नव्हे तर माणसाच्या परिस्थितीपासून आरंभ करावा असे प्रतिपादन केले, आणि पुढे माल्कम नोल्स याने १९७० मध्ये त्याची रीतसर मांडणी केली. नोल्सच्या म्हणण्याचा गाभा साधा आहे. हे मला का शिकावयाचे हे प्रौढाला आधी पटावे लागते. त्याच्या गाठीचा अनुभव हेच त्याचे पहिले पाठ्यपुस्तक असते. आणि समोर उभ्या असलेल्या अडचणीसाठी तो जितक्या झपाट्याने शिकतो तितका परीक्षेसाठी शिकत नाही. विशेष म्हणजे आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत त्याने प्रौढांची रीत आणि मुलांची रीत अशी दोन पक्षांची लढाई उभी केली होती. दहा वर्षांनी काढलेल्या आवृत्तीत ती मागे घेऊन त्याने एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट दाखविली. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

आपल्याकडे ‘प्रौढशिक्षण’ म्हटले की कंदील, पाटी आणि अंगठ्याऐवजी सही एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. एम.बी.बी.एस. झालेल्या गृहस्थाला प्रौढशिक्षणाच्या वर्गात बसा असे सांगितले तर तो ते अपमानास्पद मानील! वास्तविक या शब्दाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभराच्या श्रमानंतर शिकू इच्छिणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होती. शिक्षण आणि आरोग्य या दोहोंचा एकत्र विचार करणारे जे. पी. नाईक याच परंपरेतले. सामाजिक शास्त्रांची आणि वैद्यकीय संशोधनाची अशा दोन राष्ट्रीय परिषदांनी मिळून ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावर १९८१ साली जो अहवाल दिला त्यामागे त्यांचा मोठा हात होता. पण शिक्षणखाते आणि आरोग्यखाते यांच्यामधली भिंत काही त्या अहवालाने पडली नाही.

सिद्धान्ताची चर्चा बाजूला ठेवून याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे पाहिले तर उदाहरण हाताशी आहे. १९७६ साली, जिल्ह्याचे नाव कुलाबा असताना, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणातला लाल विंचू तेव्हा माणसे मारीत असे. पाठ्यपुस्तकांत त्याविषयी फारसे काही नव्हते आणि जे उपचार रूढ होते त्यांचा उपयोग दिसत नव्हता. दंश झालेला धडधाकट मनुष्य ओकाऱ्या आणि घामाने बेजार होऊन येई, त्याचे हातपाय गार पडत, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला फेस येऊन तो दगावे. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. या नोंदींतून दिसले ते असे की, मृत्यू विषाच्या वेदनेने येत नसून हृदय आणि रक्ताभिसरण यांवर कोसळणाऱ्या वादळाने येतो, आणि त्या वादळाची पूर्वचिन्हे आधी ओळखता येतात. ही पूर्वचिन्हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात तर त्या सैल करणारे औषध चालले पाहिजे, या तर्काने त्यांनी प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी वापरून पाहिली आणि तिचा अनुभव १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडला. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे जे प्रमाण पूर्वी ४० टक्क्यांच्या घरात होते ते त्यांच्या नोंदींनुसार एक ते तीन टक्क्यांपर्यंत खाली आले. मध्यंतरी ते एम.डी. झाले आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडलाच परत येऊन राहिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ही कथा आता बरीच सांगितली जाते, आणि बहुधा एका तपस्व्याची कथा म्हणून सांगितली जाते. त्या सांगण्यात एक धोका आहे. बावस्करांना असामान्य ठरविले की उरलेल्या सर्वांची सुटका होते. प्रत्यक्षात त्यांची रीत पाहिली तर नोल्सने सांगितलेली प्रत्येक पायरी तीत दिसते. प्रश्न कोणा मार्गदर्शकाने दिलेला नव्हता, तो दारात मरत होता. शरीरक्रियाशास्त्र त्यांना पूर्वी शिकविलेलेच होते. गरज पडली तेव्हा त्याला अर्थ आला. तंत्र त्यांनी आधी शिकून ठेवले नाही, प्रश्नाने मागितले तसतसे मिळविले. आणि ते शिकणे थांबले नाही. विंचूदंशावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी ७० रुग्णांवर रीतसर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना केवळ प्रॅझोसिन आणि निम्म्यांना प्रॅझोसिनसह प्रतिविष दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे २३ टक्के, तर दुसऱ्या गटात ९१ टक्के निघाले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे निष्कर्ष छापले. ज्या औषधाने आपल्याला कीर्ती दिली ते एकटे पुरेसे नाही, हे त्याच डॉक्टरने स्वतःच्या हाताने सिद्ध करून दाखविले. संशोधन शिकलेला माणूस कसा ओळखावा, याची याहून चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण कोकणाबाहेरचे, पण त्याविना हा विषय अपुरा राहील. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केले. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे, आणि जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली असल्याचे, त्यांनी १९८९ साली जगापुढे ठेवले. पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. घरोघरी जाऊन बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ताप पाहणे, औषध देणे आणि हे सर्व लिहून ठेवणे, हे काम ३९ गावांतील साध्या, थोडेफार शिकलेल्या बायांनी केले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासाची मूळ सामग्री त्या बायांच्या हातची आहे. श्वास मोजताना चूक झाली तर बाळ जाते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्या अचूक मोजीत. अचूकतेवर वर्षभर व्याख्याने देऊन जे साधत नाही ते या जाणिवेने साधले. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले, त्यामागेही हीच समजूत होती.

येथे एक रास्त आक्षेप येतो. बावस्कर, बंग, आरोळे ही माणसे स्वतःच्या प्रेरणेने उभी राहिली. जिल्ह्याजिल्ह्यांतील शेकडो सामान्य डॉक्टरांना या रीतीने शिकविता येईल काय? याचे उत्तर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मिळाले आहे. क्षयरोगाविरुद्ध काम करणारी ‘द युनियन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि सीमापार वैद्यकीय मदत करणारी डॉक्टरांची संघटना यांनी २००९ साली एक शिक्षणक्रम सुरू केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तो अनेक देशांत गेला आणि भारतातही त्याचे वर्ग झाले. ‘सॉर्ट इट’ हे त्याचे संक्षिप्त नाव. प्रवेश हवा असेल तर स्वतःच्या कामातला प्रश्न घेऊन यावे लागते. पहिल्या टप्प्यात त्या प्रश्नाचा आराखडा, दुसऱ्यात त्याच्या नोंदींची मांडणी आणि पृथक्करण, तिसऱ्यात निबंधाचे लेखन. मधल्या काळात माणूस आपल्या नोकरीवर परततो आणि तेथे काम पुरे करतो. प्रत्येक टप्प्याला मुदत ठरलेली असते. ती चुकली की विद्यार्थी बाहेर. परीक्षा नाही, निबंध नियतकालिकाकडे पाठविला तरच शिक्षणक्रम पुरा झाला असे मानतात. नवे रुग्ण शोधावे लागत नाहीत, कारण सरकारी केंद्रांत जी रजिस्टरे आधीच भरली जातात त्यांतूनच उत्तर काढावयाचे असते. प्रौढाला मोकळीक देणारी ही रीत शिस्तीच्या बाबतीत महाविद्यालयांहून कडक आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कारण प्रौढशिक्षणाच्या भक्तांनी एक गोष्ट नीट पाहिलेली नाही. आपल्याला काय येत नाही हे मोठ्या माणसाला कळतेच असे नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या योग्यतेविषयी केलेले अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एक आढावा २००६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता. त्यात हे अंदाज बहुधा चुकीचे ठरतात असे दिसले. अनुभव हा गुरू खरा, पण तो खुशामतही करतो. ‘माझ्या हातचे दहापैकी नऊ रुग्ण बरे झाले’ या वाक्यात उपचार न करताही किती बरे झाले असते हा प्रश्न दडलेला असतो, आणि तो विचारावयास अनुभव शिकवीत नाही. ते संख्याशास्त्र शिकविते, आणि ते शिकविण्यास शिक्षकच लागतो. नोल्सने आपल्या ग्रंथात जी दुरुस्ती केली तिचे मर्म हेच. नवख्याला आधी बोट धरून चालविले पाहिजे आणि मग बोट सोडले पाहिजे. आपल्या महाविद्यालयांचा दोष असा की ती बोट सोडीतच नाहीत. पण आरंभीच बोट सोडणारा गुरूही विद्यार्थ्याला खड्ड्यात घालील.

आता पुन्हा रायगडाकडे. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालय त्याला जोडलेले आहे. गावातील कुटुंबे विद्यार्थ्यांकडे सोपविण्याची योजना एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात आली आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काढावेत असा नियमही आहे. हे तीन महिने म्हणजे हजेरीपटावरच्या सह्या ठरू शकतात, किंवा विद्यार्थ्याला जन्माचा एक प्रश्न देऊ शकतात. आज त्या मुदतीचा संशोधनपद्धतीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाशी काही संबंध नाही. व्याख्याने एकीकडे, प्रबंध दुसरीकडे आणि जिल्हा तिसरीकडे. विद्यार्थ्याने प्रबंधाचा प्रश्न जिल्ह्यातल्या तीन महिन्यांतून उचलावा आणि व्याख्याने त्या प्रश्नाच्या टप्प्यांप्रमाणे ऐकावीत, एवढा बदल केला तरी पुष्कळ साधेल. त्याला नवा निधी लागत नाही. मार्गदर्शकाला मात्र आपल्या दालनातून उठून मुरुडपर्यंत जावे लागेल.

अडचणी नाहीत असे नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर बाह्यरुग्ण तपासतो, बाळंतपणे पाहतो, शवविच्छेदन करतो आणि उरलेल्या वेळात वरून आलेले तक्ते भरतो. त्याने संशोधनही करावे असे सांगणे सोपे आहे. त्याला आठवड्यातला अर्धा दिवस मोकळा द्यावा लागेल आणि तो कागदोपत्री नव्हे, खरोखर द्यावा लागेल. दुसरी अडचण नीतीची. २०१९ च्या नियमांनुसार मानवी संशोधनाला नोंदणीकृत नीती समितीची संमती लागते, आणि ते योग्यच आहे. बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या माणसाच्या नोंदी कोणी कशा वापराव्यात हा गंभीर प्रश्न आहे. पण किनाऱ्यावरच्या केंद्रातून अशा समितीपर्यंत पोचण्याची वाटच डॉक्टरला ठाऊक नसते. महाविद्यालयाच्या समितीने जिल्ह्यातील केंद्रांचे अर्ज स्वीकारण्याची रीत घालून दिली पाहिजे. तिसरी अडचण थोडी नाजूक आहे. आपल्याच केंद्रातील नोंदी चाळताना आपल्याच चुका दिसतात. रुग्णवाहिका उशिरा आली, सिलिंडर रिकामा होता, ही गोष्ट निबंधात लिहिणाऱ्यावर खात्याची नोटीस येणार असेल तर कोणताही शहाणा माणूस लिहिणार नाही. मोठ्या माणसाला शिकावयाचे तर चूक उघड करण्याची मुभा हवी, हे प्रौढशिक्षणातले सर्वात अवघड कलम आहे आणि ते मान्य करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर नाही, संचालनालयावर आहे.

नोंदी ठेवण्याची विद्या या जिल्ह्याला परकी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांमुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे बिघडणार, असे दिसू लागल्यावर नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. पण जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा तुटू नये. आपली मापे तुलनेला टिकतील की नाही याची इतकी काळजी त्या पिढीने घेतली होती. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नमुन्यादाखल दाखवावी अशी ही वास्तू त्यांच्याच गावात आहे.

काशीदच्या वहीचा आरंभ कोणी करावा? पावसाळा संपून पर्यटकांचा हंगाम सुरू होतो तेव्हा जिल्ह्यात येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी एकाने किंवा दोघांनी हा प्रश्न घ्यावा, आणि पहिला आठवडा रुग्णालयात न काढता किनाऱ्यावर काढावा. तेथे त्यांना दिसेल की पहिली आणि सर्वात मोलाची नोंद डॉक्टरच्या हातची असूच शकत नाही. माणूस पाण्याखाली गेला आणि बाहेर आला या दोन वेळा केवळ जीवरक्षक सांगू शकतो. त्याला घड्याळ पाहण्याची सवय लावणे, रकाने त्याच्याशी बोलून ठरविणे आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस त्या नोंदींचा अर्थ त्याला समजावून सांगणे, हे त्या विद्यार्थ्याचे काम. भरती-ओहोटी आणि पाण्याची ओढ यांबाबत जीवरक्षकाला जे कळते ते विद्यार्थ्याला कळत नाही, तेव्हा रकान्यांपैकी दोन-चार तरी तोच सुचवील. मग केसपेपर, मग पंचनामा, मग वाचलेल्यांच्या घरी तीन महिन्यांनी एक पत्र किंवा फोन. एका हंगामात आकडे थोडे जमतील. दुसऱ्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याने नवा विषय न शोधता तीच वही पुढे चालवावी आणि विद्यापीठाने त्याला ती प्रबंध म्हणून मान्य करावी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला यासाठी नियम बदलावे लागतील की केवळ सवय, हे त्या विद्यापीठाने एकदा तपासून पाहावे.